फिल प्लग आधी उघडा! ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी दोन ओळी लिहिल्या होत्या की ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल पण बदलावं लागतं, त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. गोव्यात आता दर दुसऱ्या अंगणात ऑटोमॅटिक उभी दिसते, पण तिच्या तेलाबद्दल नीट सांगणारा माणूस भेटत नाही. सहा प्रश्न घेतलेत, नावं गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (फोंडा): काका, माझी २०१७ ची सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) सेडान आहे, ६८ हजार किलोमीटर झालेत, रोज फोंडा-पणजी जाऊन येऊन. सर्विसिंगला गिअरबॉक्सचं तेल बदला म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला ते लाइफटाइम असतं, हात लावू नका. दुसऱ्या गॅरेजवाला म्हणाला मशीन लावून फ्लश करूया, म्हणजे सगळं तेल एकाच वेळी बदलूया. इंजिन ऑइल मी घरीच बदलतो, मग हे पण घरी जमेल का? सगळं नीट लिहा, अर्धवट नको.

उत्तर: जमेल. इंजिन ऑइल घरी बदलणाऱ्याला हे अवघड नाही, पाने पण जवळजवळ तेच लागतात. फरक एवढाच की इंजिनात पाव लिटर कमीजास्त झालं, ग्रेड थोडी वेगळी पडली तरी इंजिन सांभाळून घेतं, गिअरबॉक्स सांभाळून घेत नाही.

आधी त्या लाइफटाइमचं बघू. लाइफटाइम म्हणजे किती वर्षं ते कोणी सांगत नाही. जर्मनीची झेडएफ कंपनी, जी बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते, ती स्वतः सांगते की तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला नाहीतर ८ वर्षांनी बदला, आणि हे त्याच गिअरबॉक्सबद्दल ज्यांचं तेल गाडीवाले लाइफटाइम म्हणून सांगतात. शिवाय पुष्कळ गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. कठीण वापर म्हणजे काय, तर उष्ण हवा, अडकत अडकत चालणारं ट्रॅफिक, चढण, भरलेली गाडी. पर्वरीला संध्याकाळी एसी लावून अर्धा तास सरपटलात, किंवा चार माणसं घालून चोर्ला घाट चढलात, तर तो कठीण वापरच झाला. तेल तापलं की लवकर खराब होतं, साधारण १० अंश तापमान वाढलं की खराब होण्याचा वेग दुप्पट धरतात. त्यामुळे ६८ हजार आणि एवढी वर्षं, माझ्या मते तुम्ही आता थांबू नये.

तेल करतं काय ते पण समजून घ्या, मग बाकीचं पाठ करावं लागणार नाही. सीव्हीटीत पायरीपायरीचे गिअर नसतात, शंकूच्या आकाराच्या दोन पुली असतात आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा फिरतो, आणि पुलीच्या दोन बाजू तेलाच्या दाबाने त्या पट्ट्याला चिमटीत धरून ठेवतात. म्हणजे त्याच तेलाने झीज वाचवायची, थंड ठेवायचं, दाब द्यायचा आणि वर पट्टा घसरू पण द्यायचा नाही. साधं एटीएफ, म्हणजे गिअरवाल्या ऑटोमॅटिकचं तेल, त्यात घातलं तर पट्टा घसरतो, पुलीवर चरे पडतात आणि मग पूर्ण गिअरबॉक्सचाच खर्च येतो. म्हणून मॅन्युअलमध्ये जे नाव लिहिलंय तेच तेल आणायचं. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२ लागतं, पण त्याच होंडाच्या आधीच्या गिअरवाल्या ऑटोमॅटिकला डीडब्ल्यू-१, दोन्ही एकाच दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली असतात, बाटली हातात घेऊन वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता जागा. सपाट सिमेंटची जागा पाहिजे. आपल्याकडे अंगणं बहुतेक मातीची, पावसानंतर जॅक रुततो, तेव्हा खाली जाड फळी घाला. आणि हे मी हात जोडून सांगतो, चिऱ्यांवर (जांभ्या दगडांवर) गाडी टेकवून खाली शिरू नका. घराच्या मागे चार चिरे पडलेले असतात म्हणून लोक सर्रास तेच लावतात, पण चिरा भिंतीत चांगला, गाडीच्या वजनाखाली तो अचानक फुटतो, आधी सांगून फुटत नाही. जॅक स्टँड घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडणी लावा. गाडीबरोबर येणारा कात्रीचा जॅक फक्त टायर बदलायला असतो, त्याच्या भरवशावर खाली झोपायचं नाही.

मग सगळ्यात महत्त्वाचं, जे वर मथळ्यात लिहिलंय. तेल काढायच्या आधी तेल घालायचा प्लग उघडून बघा. आमच्या शेजारच्या एकाने चवथीच्या आदल्या दिवशी उत्साहाने खालचा ड्रेन प्लग उघडला, तेल सगळं पडलं आणि मग वरचा फिल प्लग काही केल्या उघडेना, खाऱ्या हवेने गंजून बसलेला, जोर लावला तर त्याच्या कडा गोल झाल्या. पूर्ण चवथ गाडी अंगणात उभी, पाहुण्यांना आणायला रिक्षा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर आदल्या रात्रीच प्लगवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवावा. फिल प्लग सुटला तरच ड्रेनला हात लावायचा.

आणि तो ड्रेन प्लग गिअरबॉक्सचाच आहे ना हे दोनदा बघा. इंजिनचा प्लग पण जवळच असतो आणि खाली झोपलं की दिशा उलटसुलट होतात. चुकून इंजिनचं तेल काढलं आणि वरून गिअरबॉक्समध्ये आणखी तीन लिटर ओतलं, असं करणारे लोक मी पाहिलेत, एकाच दुपारी इंजिन तेलाशिवाय आणि गिअरबॉक्स ओव्हरफुल. काही होंडांत गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगला पाना लागतच नाही, ३/८ इंची रॅचेटचं चौकोनी टोक थेट आत बसतं, ती ओळखीची खूण आहे.

गाडी आधी दहा मिनिटं चालवून आणा, तेल कोमट झालं की गाळ पण बरोबर येतो, पण लांबून आलात तर थांबा, ते तेल हात भाजण्याइतकं गरम असतं. तेल येईल ते मापाच्या भांड्यात घ्या. पाण्याच्या रिकाम्या एक लिटरच्या बाटल्यांत भरून मोजलं तरी चालतं, पण मोजा, कारण जेवढं निघालं तेवढंच परत जाणार आहे. (आधी कुठे गळती नसेल तर. प्लगच्या आजूबाजूला ओलं तेलकट दिसलं तर पातळी आधीच कमी असणार.) बऱ्याच गाड्यांत ड्रेन प्लगला चुंबक असतो, त्यावर राखाडी लोण्यासारखा बारीक थर असणारच, घाबरू नका, पुसून टाका. बोटाला टोचतील असे धातूचे कण निघाले तर मात्र काम तिथेच थांबवून चांगल्या माणसाला दाखवा. प्लगचा वॉशर नवीन घाला, तो एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. पुसायला जुन्या बनियनचे धागे सुटणारे तुकडे घेऊ नका, एक धागा आत तेलाच्या वाटा उघडबंद करणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत गेला तरी तो बारीक झडप अडकवू शकतो.

भरताना लांब नळीचं फनेल लागतं, हळू घालायचं. मग इंजिन चालू, पाय ब्रेकवर, आणि पी, आर, एन, डी असं प्रत्येक ठिकाणी चारपाच सेकंद थांबत लिव्हर फिरवा, परत पी वर या. आता पातळी बघायची, आणि इथे प्रत्येक गाडीची पद्धत वेगळी आहे. काहींत इंजिन चालू ठेवून डिपस्टिक बघतात, जुन्या काही होंडांत इंजिन बंद करून लगेच मिनिटाभरात बघायची असते, आणि ज्यांत डिपस्टिकच नाही त्यांत इंजिन चालू ठेवून एक छोटा प्लग उघडतात आणि तेल ठराविक तापमानाला, पुष्कळ गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या आसपास, त्यातून बारीक धारेने बाहेर यायला पाहिजे. ते तापमान बघायला गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर मिळतो. गाडीचं पुढचं तोंड वर उचललेलं असताना पातळी बघितलीत तर ती चुकीचीच येणार, चारही बाजू एकसारख्या उंचीवर पाहिजेत. कमी पडलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर फिरणारे भाग तेल घुसळून फेस करतात आणि फेसाला दाब देता येत नाही, म्हणजे दोन्हीकडे त्रास एकच.

एवढं केलं तरी सगळं तेल बदललेलं नसतं, कारण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये, आतल्या वाटांमध्ये जुनं राहतंच. समजा एकूण ६ लिटर आहे आणि खालून अडीच लिटर निघालं. पहिल्या वेळी नवीन तेल ४२ टक्के झालं, थोडं चालवून परत तेच केलं तर ६६, तिसऱ्यांदा ८० टक्के. म्हणून मी दोनदा किंवा तीनदा करा म्हणतो, मध्ये आठवडाभर गाडी चालवून. मशीनच्या फ्लशपेक्षा मला हेच आवडतं. मशीन वाईट असतं असं नाही, पण त्यात आधीच्या गाडीचं कुठलं तेल होतं, चालवणारा नीट शिकलेला आहे का, हे तुम्हाला दिसत नाही, आणि अंगणात तुमच्या हाताने पडलेलं तेल तुम्हाला दिसतं, त्याचा वास घेता येतो.

प्रश्न (डिचोली): माझी छोटी हॅचबॅक आहे, क्लच पेडल नाही, लिव्हरवर आर, एन, डी आहे पण पी नाही. दुकानदाराने चार लिटर एटीएफ दिलंय. घालू का?

उत्तर: नको, ते परत करा. पी नाही म्हणजे तुमची गाडी बहुतेक एएमटी आहे, मॅन्युअल बघून खात्री करून घ्या. एएमटी म्हणजे आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या हातापायाऐवजी एक यंत्र करतं. त्याला मॅन्युअल गिअरबॉक्सचं गिअर ऑइल लागतं, एटीएफ नाही. काही एएमटींमध्ये ते यंत्र हायड्रॉलिक असतं आणि त्याचं वेगळं छोटं टाकीतलं तेल असतं, त्याला घरी हात लावू नका, त्यातली हवा काढायला आणि क्लच कुठे पकडतो ते यंत्राला परत शिकवायला स्कॅनर लागतो. गिअर ऑइल बदलणं मात्र सोपं आहे, फिल प्लगच्या भोकापर्यंत भरायचं, ओघळायला लागलं की झालं.

प्रश्न (म्हापसा): काका, बाबांची जुनी ऑटोमॅटिक मी चालवते. पावसात एकदा पाण्यातून काढली होती. आता डिपस्टिक बघितली तर तेल लाल नाही, दुधाळ गुलाबी आहे, कोकमाच्या सोलकढीसारखं. घरी बदलून टाकू?

उत्तर: बाय, गाडी आहे तिथेच ठेव, सुरू पण करू नकोस. तो रंग म्हणजे तेलात पाणी आहे. पाणी कुठून आलं ते दोन जागी बघायचं. तुंबलेल्या पाण्यात गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून आत शिरलं असेल. किंवा, आणि जुन्या गाड्यांत हे बरंच होतं, गिअरबॉक्सचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या टाकीच्या आतून जाते, ती आतून कुजली की कूलंट तेलात आणि तेल कूलंटमध्ये. इंजिन गार असताना कूलंटचं झाकण उघडून बघ, तिथे पण गुलाबी तेलकट तवंग असेल तर रेडिएटरच गेलाय.

आतल्या क्लच प्लेटवर कागदासारखं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं, पाणी आणि कूलंट तो गोंद सोडवतात. म्हणूनच घाई आहे. पण हे घरचं काम नाही, आधी पाणी आलं ती जागा दुरुस्त करून मग पूर्ण तेल पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. नेताना दोरी बांधून ओढत नेऊ देऊ नकोस, इंजिन बंद असलं की पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा फिरतो. गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रकच बोलव, बाबांना सांग की हा खर्च वाचवू नका.

प्रश्न (वास्को): सगळ्या गाड्यांना चालणारं मल्टी-व्हेइकल एटीएफ मिळतं, ते कंपनीच्या तेलापेक्षा स्वस्त पडतं. घ्यावं का? तेल ते तेल, एवढा फरक कशाला?

उत्तर: फरक घर्षणाचा आहे. गिअरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते किती पटकन पकडतात, किती हळुवार पकडतात, हे तेलात मिसळलेल्या रसायनांवर ठरतं. याची गोष्ट मोठी आहे. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक आणला, मोठ्या संख्येने बनलेला तो पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुढे कितीतरी वर्षं एटीएफमध्ये क्लच हळुवार पकडावा म्हणून स्पर्म व्हेलपासून काढलेलं तेल घालायचे, कारण तापलं तरी ते टिकायचं. १९७० मध्ये अमेरिकेने या व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि तेल बनवणाऱ्यांना पर्याय शोधावे लागले. एका तेलाची जागा दुसऱ्याने घ्यायला एवढा खटाटोप लागतो तर दुकानातली कुठलीही लाल बाटली चालेल असं कसं होईल.

मल्टी-व्हेइकल वाईट नाही. बाटलीच्या मागे तुमच्या मॅन्युअलमधलं नेमकं नाव, समजा टोयोटाचं डब्ल्यूएस किंवा ह्युंडईचं एसपी-४, छापलेलं असेल आणि बाटली ओळखीच्या कंपनीची असेल तर गिअरवाल्या ऑटोमॅटिकला मी ते वापरू देईन. सीव्हीटीला आणि डीसीटीला (दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिकला) मात्र मी कंपनीचंच घालतो. आणि रंगावर जाऊ नका, लाल हा फक्त रंग घातलेला असतो गळती ओळखायला, काही सीव्हीटी तेलं हिरवी, निळी पण असतात.

प्रश्न (काणकोण): सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली, १ लाख ४० हजार झालेत, तेल कधी बदललेलं नाही असं वाटतं. सगळे घाबरवतात की आता बदललं तर गाडी चालायचीच बंद होईल. खरं काय?

उत्तर: गाडी आज कशी चालते त्यावर आहे. गिअर नीट पडतात, डी टाकल्यावर वेळ लागत नाही, चढणीला इंजिनचा आवाज नुसता वाढून गाडी मागे राहत नाही, असं असेल तर बदला, तेच हळूहळू, एका वेळी खालून निघेल तेवढंच, आणि खाली उघडणारा पॅन (तेलाचं ताट) असेल तर फिल्टर आणि गॅस्केट पण. पॅनचे बोल्ट छोटे असतात, समोरासमोरचे आळीपाळीने हलके आवळा, जोर लावला तर ॲल्युमिनियमचा आटा जातो.

तेल काळं आहे, जळका वास आहे आणि गाडी आधीच घसरते, तर क्लचचं अस्तर झिजून गेलंय. तिथे नवीन तेल घालून ते अस्तर परत येणार नाही. "तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" असं लोक सांगतात ते बहुतेक याच गाड्यांचं असतं, गाडी घसरायला लागल्यावर शेवटचा उपाय म्हणून तेल बदलतात आणि दोष तेलावर येतो. अशी गाडी आधी दाखवून घ्या, तेलावर पैसे नंतर. आणि पुढच्या वेळी सेकंडहँड घेताना गाडी अनमोड घाटात चढवून बघा, चाचणी सपाट रस्त्यावर होत नाही.

प्रश्न (साखळी): काढलेलं जुनं तेल कुठे टाकायचं? शेजारी म्हणतात वाळवीसाठी लाकडाला लावा, नाहीतर माडाच्या मुळाशी ओता.

उत्तर: माडाच्या मुळाशी अजिबात नाही. आपल्या बहुतेक घरांत माडापासून विहीर दहापंधरा पावलांवर असते, जमीन चिऱ्याची, भोकाभोकाची, आणि जून लागला की वर ओतलेलं सगळं पाण्याबरोबर खाली जातं. तेच पाणी तुम्ही आणि शेजारी पिणार. लाकडाला लावायची जुनी सवय मला माहीत आहे, पण त्या तेलात झिजलेला धातू आणि जळकी रसायनं असतात, गोठ्याच्या दाराला किंवा मुलं हात लावतील अशा जागी लावू नका, वाळवीसाठी बाजारात वेगळं औषध मिळतं.

कायद्याने वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. घरी काय करायचं, तर तेल ज्या कॅनमधून नवीन आलं त्याच कॅनमध्ये परत भरायचं, पाणी, पेट्रोल, ब्रेक ऑइल काही मिसळायचं नाही कारण मिसळलं की ते परत शुद्ध करणाऱ्याला नको असतं, झाकण घट्ट लावायचं आणि ज्या गॅरेजमध्ये वापरलेल्या तेलाचा ड्रम ठेवलेला असतो तिथे द्यायचं. देताना विचारा की हा ड्रम पुढे कोण नेतं, प्रदूषण मंडळाची परवानगी असलेला माणूस नेतो का. तो ओहोळात ओतला जात असेल तर तुम्ही एवढं सांभाळून आणलेलं फुकट, मग दुसरं गॅरेज शोधा. सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाका, तो शोषून घेतो, पाण्याने धुऊ नका. तो भुसा पिशवीत बांधून तेलाच्या कॅनबरोबरच द्या.